घरच्या घरी विजेवर गंज काढताय? या चुका टाळा

माझ्या वडिलांची एक पटाशी आहे. पात्यावरचं कारखान्याचं नाव आता बोट फिरवूनसुद्धा लागत नाही, धार उंदराने कुरतडल्यासारखी झालीय आणि एका कडेला पातं पत्र्याइतकं पातळ पडलंय. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं, त्या पुरातून ही पटाशी वाचली होती. गंज वरवरचा होता. मी तिला उलट्या तारा लावून सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवलं आणि सकाळी हे असं पातं हातात आलं.

त्या पावसाळ्यात आमच्या आळीत प्रत्येकाच्या पडवीत चिखलाने माखलेल्या लोखंडाचा ढीग होता. पाने, रंध्याची पाती, विळ्या, बिडाचे तवे, शिवणयंत्राचे पाय. कानस आणि पॉलिश पेपरने घासून हात सोलवटले, म्हणून मी इलेक्ट्रोलिसिसकडे, म्हणजे पाण्यातून वीज सोडून गंज काढण्याकडे वळलो. पुढच्या काही महिन्यांत शेजाऱ्यांच्या वस्तूही माझ्या टबातून गेल्या. रीत चांगली आहे, स्वस्त आहे आणि चांगलं लोखंड खात नाही. पण ती बिघडते तेव्हा वस्तू तरी जाते, नाहीतर तब्येतीशी खेळ होतो.

मांडणी थोडक्यात अशी. प्लास्टिकचा टब, त्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी. गंजलेली वस्तू १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरच्या मायनसला, टाकाऊ साध्या लोखंडाचा तुकडा प्लसला. दोन्ही पाण्यात, एकमेकांना न टेकता. १२ व्होल्टचा प्रवाह सोडला की वस्तूवर हायड्रोजनचे बुडबुडे येतात. लाल गंजाचं काळ्या, भुसभुशीत थरात रूपांतर होतं आणि तो थर ब्रशने निघतो. प्लसचं लोखंड झिजत जातं. माझ्या वडिलांची पटाशी त्या जागी होती.

तारा उलट लागणं

लाल तार प्लस, काळी मायनस हे चार्जरवर खरं असतं. पण एलईडी पट्टीचा अडॅप्टर कापून तारा काढल्या तर रंगावर विसंबू नका. मल्टिमीटर असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर बटाटा घ्या. दोन्ही टोकांना तांब्याच्या तारेचे तुकडे जोडून बटाट्यात दोन बोटं अंतरावर खोचा आणि प्रवाह चालू करा. काही मिनिटांत एका तारेभोवती बटाटा हिरवट होतो, ती प्लस. दुसऱ्या तारेपाशी फेस येतो.

टब चालू झाल्यावरही खात्री करता येते. पाणी फुटतं तेव्हा हायड्रोजन ऑक्सिजनच्या दुप्पट निघतो, म्हणून मायनसला बुडबुडे जास्त असतात. तुमच्या वस्तूवर दाट, बारीक बुडबुड्यांची चादर दिसली पाहिजे. वस्तू शांत आणि समोरची सळई फसफसतेय असं दिसलं तर त्याच क्षणी बटण बंद करा. मी हे पाहिलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. मी मात्र दिवा घालवून झोपायला गेलो होतो.

प्लसला स्टीलचा चमचा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. आपल्या घरात टाकाऊ धातू म्हटलं की हात पहिला जातो तो जुन्या स्टीलच्या भांड्याकडे. चेपलेली वाटी, मोडका झारा, ताटली. लोक ते मुद्दाम वापरतात, कारण साधी सळई तासाभरात घाण होते आणि स्टील स्वच्छ राहतं.

पण भांड्याचं स्टेनलेस स्टील म्हणजे लोखंडात मिसळलेलं क्रोमियम. भांड्याच्या तळाशी १८/८ असं कोरलेलं असतं, त्यातले १८ म्हणजे क्रोमियमचे टक्के. प्लसला लावल्यावर ते क्रोमियम पाण्यात उतरतं आणि त्याचं जे रूप तयार होतं, ते हेक्साव्हॅलंट क्रोमियम, कॅन्सरला कारणीभूत ठरणारं आहे. कातडीतून, उडालेल्या थेंबांतून, बुडबुड्यांबरोबर उठणाऱ्या तुषारांतून ते अंगात जातं. पाणी पिवळं दिसू लागलं तर ओळखा. तपकिरी, गढूळ पाणी साध्या लोखंडाचं असतं, ते ठीक. स्वच्छ पिवळी झाक दिसली तर काम थांबवा. ते पाणी मोरीत, गटारात, परसात कुठेही ओतू नका. हातमोजे घालून झाकणाच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरा, वर ठळक लिहा आणि घरगुती घातक कचरा घेण्याची सोय नगरपालिकेकडे कुठे आहे ते विचारा. आपल्याकडे विहिरी आणि बोअरवेलचं पाणी पितात. एका टबाचं पाणी कुठे जातं हा किरकोळ प्रश्न नाही.

क्रोमचा मुलामा दिलेले जुने नळ, सायकलचं हँडल, मोटरसायकलचे भाग यांनाही हेच लागू. प्लसला बांधकामावर उरलेली साधी सळई लावा. मोठ्या वस्तूंना मी चार सळया टबाच्या चार कोपऱ्यांत उभ्या करून वरून तारेने एकत्र जोडतो. जीआयचा पाइप किंवा पत्रा नको. त्याच्यावरचं जस्त पाण्यात उतरतं आणि वस्तूवर राखाडी लेप बसतो. तांब्याची पट्टी लावली तर वस्तूवर तांबूस थर चढतो, आणि त्या थराखाली पुढे लोखंड जोमाने गंजतं.

तांबूस डाग तांब्याची पट्टी न लावताही येतात. तेव्हा प्लसच्या तारेच्या टोकाचा, तांब्याचा चिमटा पाण्यात बुडालाय का ते बघा. चिमटा सळईच्या वरच्या टोकाला, पाण्याबाहेरच हवा. मायनसचा चिमटा बुडाला तरी चालतो.

मीठ

मिठाने वीज छान वाहते आणि मीठ हाताशी असतं, म्हणून लोक घालतात. मिठाच्या पाण्यात प्लसपाशी क्लोरिन तयार होतो. ब्लीचिंग पावडरसारखा वास येतो तो त्याचाच, आणि तो फुफ्फुसांना बाधतो. शिवाय मिठातलं क्लोराइड लोखंडाच्या खड्ड्यांत शिरून बसतं आणि साफ केलेली वस्तू महिन्याभरात पुन्हा लाल होते.

कोकणातल्या वस्तूंत खाऱ्या हवेमुळे हे क्लोराइड आधीच मुरलेलं असतं. समुद्रातून वर काढलेल्या लोखंडाचं जतन करणारे लोक याच रीतीने, पण अगदी मंद प्रवाहावर, आतलं क्लोराइड बाहेर खेचतात. अमेरिकेतल्या यादवी युद्धात १८६२ मध्ये बुडालेल्या मॉनिटर या युद्धनौकेचा तोफांचा बुरूज २००२ मध्ये वर काढला, तेव्हापासून त्याच्यावर असंच काम वर्षानुवर्षं चाललं. आपल्याला तेवढ्या धीराची गरज नाही, पण बंदराजवळच्या वस्तू काम झाल्यावर दोन-तीन वेळा साधं पाणी बदलून भिजवाव्यात, एवढं त्यातून घेता येतं.

सोड्याचं प्रमाण लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे २० लिटरच्या बादलीला १०० ग्रॅम. ही कोरड्या पावडरची गोष्ट झाली. किराणा दुकानात खड्याचा सोडा मिळतो, त्यात वजनाच्या निम्म्याहून जास्त पाणीच असतं, म्हणून तो अडीच पटीच्या थोडा वर घ्या. कुठलाच मिळाला नाही तर खाण्याचा सोडा लोखंडी कढईत मंद आचेवर भाजा. तापला की तो उकळत्या पाण्यासारखा हलू लागतो, कारण आतून वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. हालचाल पूर्ण थांबली की धुण्याचा सोडा तयार. १०० ग्रॅमचे साधारण ६३ ग्रॅम उरतात. कढई अ‍ॅल्युमिनियमची घेऊ नका. कॉस्टिक सोडा तर घरात नकोच, एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

सगळं लावलं, पण काहीच होत नाही

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा. पहिलं कारण चार्जर. नव्या ऑटोमॅटिक चार्जरना समोर बॅटरीचा व्होल्टेज दिसला नाही तर ते प्रवाहच सोडत नाहीत. जुना, जड, काट्याचा अँपिअर मीटर असलेला चार्जर यासाठी उत्तम. तो नसेल तर १२ व्होल्ट ५ अँपिअरचा चांगल्या कंपनीचा अडॅप्टर चालतो. इन्व्हर्टरची बॅटरी थेट टबाला जोडू नका. वस्तू आणि सळई चुकून एकमेकांना टेकली तर बॅटरी शेकडो अँपिअर सोडते आणि तार हातात वितळते. दुसरा इलाजच नसेल तर बॅटरीच्या टोकाशीच ५ अँपिअरचा फ्यूज हवा.

दुसरं कारण जोडणी, आणि दहातल्या आठ वेळा तेच निघतं. गंज वीज नेत नाही. चिमटा गंजावर बसवला तर प्रवाह आत जाणारच कसा? चिमटा बसतो तिथे नखाएवढी जागा कानशीने घासून पांढरी करा. पक्कड, अडकित्ता, कात्री अशा दोन पानांच्या वस्तूंत खिळ्यापाशी गंज धरल्यामुळे एकाच पानाला प्रवाह मिळतो आणि दुसरं पान लालच राहतं. दोन्हींना वेगळी तार द्या.

सुरुवातीला बुडबुडे होते आणि मग मंदावले, तर सळई बघा. तिच्यावर तपकिरी चिखलाचं कवच आलेलं असतं. बटण बंद करून ती तारेच्या ब्रशने घासा. दर दोन तासांनी हे करावं लागतं, त्याला पर्याय नाही.

एक बाजू साफ आणि मागची बाजू तशीच, हे बिघाडाचं लक्षण नव्हे. प्रवाह सळईकडे तोंड असलेल्या भागावर जास्त काम करतो. वस्तू फिरवा, किंवा सळया चहूबाजूंनी लावा. नळीच्या आत, खोल आट्यांत तो फारसा पोचत नाही. जाम झालेल्या नट-बोल्टला टबापेक्षा तेल, उष्णता आणि धीर जास्त उपयोगी.

हातभर वस्तूला एक ते तीन अँपिअर पुष्कळ झाले. काटा टोकाला गेला आणि चार्जर तापला, तर सळई फार जवळ आहे किंवा सोडा जास्त पडलाय. वीतभर अंतर ठेवा. जोर वाढवून वेळ वाचत नाही. पटाशीला चार-सहा तास, बिडाच्या तव्याला दिवसभर, हा हिशोब गृहीत धरूनच बसा.

टबात कधीच घालू नका

अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताच्या मिश्रधातूचे भाग, म्हणजे कार्ब्युरेटर, स्कूटरच्या इंजिनची झाकणं. सोड्याचं पाणीच त्यांना खातं. लोखंडी वस्तूवर असा भाग बसवलेला असेल तर आधी तो सोडवा.

स्प्रिंगा आणि गाड्यांचे जास्त ताकदीचे बोल्ट, ज्यांच्या डोक्यावर १०.९ किंवा १२.९ लिहिलेलं असतं. हायड्रोजन कडक पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो आणि बोल्ट बाहेरून चकचकीत दिसत असताना एका झटक्यात तुटतो. ब्रेक किंवा स्टिअरिंगचा कुठलाही भाग यात घालू नये, असं माझं ठाम मत आहे. साध्या पटाश्या आणि पाती चालतात. टबातून काढल्यावर एक दिवस त्यांच्यावर हातोडा मारू नका.

आणि घरातली जुनी तलवार, कट्यार. मुठीवर सोन्या-चांदीचं नक्षीकाम असेल तर गंजाबरोबर तेही सुटू शकतं, आणि एकदा गेलेलं परत येत नाही. ती संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा.

हवा, ठिणगी, पाऊस

हायड्रोजन पेट घेतो. टब न्हाणीघरात, गॅस गिझरशेजारी किंवा बंद खोलीत लावू नका. पडवी बरी, पण पावसाचा शिडकावा चार्जरवर येणार नाही अशी. चार्जर टबाच्या वर फळीवर ठेवू नका, बाजूला दूर ठेवा. चिमटा लावताना आणि काढताना आधी भिंतीवरचं बटण बंद, कारण चिमट्याची ठिणगी नेमकी गॅस जमलेल्या जागी उडते. पाण्यात हात घालतानाही तेच. जुना रंग असलेली वस्तू असेल तर रंगाच्या खपल्या सुटतात. त्यात शिसं असू शकतं, तेव्हा त्या मुलांच्या हाती लागू देऊ नका.

बाहेर काढल्यानंतरची दहा मिनिटं

इथे बहुतेकांची मेहनत वाया जाते. वस्तू बाहेर येते ती काळी, निसरडी, काजळी फासल्यासारखी. लोकांना वाटतं गंज गेलाच नाही, आणि ते ती पुन्हा टबात टाकतात. नळाखाली धरून तारेच्या घासणीने घासा. काळं पाणी वाहून जातं आणि खाली राखाडी लोखंड दिसतं. जिथे गंजाने खड्डे पाडलेत तिथे खड्डेच दिसतील, ते भरून येणार नाहीत.

हे उघडं लोखंड आमच्याकडच्या जुलैच्या हवेत नुसतं ठेवलं तर चहा होईपर्यंत त्याच्यावर नारिंगी झाक येते. म्हणून आधण आधीच ठेवा. धुतलेली वस्तू सांडशीने धरून उकळत्या पाण्यात बुडवा, तापली की बाहेर काढा. अंगच्या उष्णतेने ती आपोआप सुकते. सुकल्यासुकल्या, गरम असतानाच तेलाचा हात फिरवा. हत्यारांना शिवणयंत्राचं तेल, तव्याला आणि विळीला खाण्याचं. तव्याला तेलाचा अगदी पातळ हात लावून धूर निघेपर्यंत तापवायचं, असं चार-पाच वेळा केलं की तो पूर्वीसारखा काळा होतो.

टबातलं पाणी फेकायची घाई करू नका. सोडा फारसा संपत नाही, पाणी तेवढं आटतं. गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत काढा, कमी झालं तेवढं साधं पाणी घाला आणि पुढच्या वस्तूला तेच वापरा. शेवटी टाकायची वेळ आली, आणि प्लसला साधी सळईच होती याची खात्री असेल, तर भरपूर पाणी घालून मोरीत सोडा. झाडांच्या बुंध्याशी मात्र नको, सोड्याने माती चोपण होते.