सेनादलांच्या सायबर स्पर्धेत उतरताना: तयारीची यादी

नाव नोंदवण्याआधी परवानगीचं बघा. वरिष्ठांच्या कानावर घातलं म्हणजे झालं, असं समजू नका. तारीख, वेळ, कुठून खेळणार आणि कोणतं यंत्र वापरणार एवढं लिहून मंजूर करून घ्या. स्पर्धा बरेचदा सलग एक-दोन दिवस चालते आणि ड्युटीचा तक्ता त्याच्या आधीच लागलेला असतो. लेखी मंजुरी नसेल तर ऐन वेळी कुणाला तरी कामावर जावं लागतं, आणि चौघांच्या संघात तिघेच उरतात.

यंत्राच्या बाबतीत तडजोड नको. कार्यालयीन संगणक आणि कार्यालयीन नेटवर्क यांना या कामासाठी हात लावायचा नाही. एनमॅपने पोर्ट (यंत्राच्या जोडणीच्या वाटा) तपासायला घेतले किंवा हॅशकॅटने पासवर्ड फोडायला घेतले, तर संगणक आणि नेटवर्कवर पाळत ठेवणाऱ्यांना ती खरी घुसखोरी वाटेल, आणि वाटायलाच हवी. वेगळा लॅपटॉप घ्या, त्यावर व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक), आणि त्यात काली (सुरक्षा तपासणीच्या साधनांसह येणारं लिनक्स) किंवा तुमच्या सवयीचं लिनक्स. सगळं बसवून, अपडेट करून, एकेक साधन प्रत्यक्ष चालवून पाहिलं की स्नॅपशॉट घ्या, म्हणजे त्या क्षणीची जशीच्या तशी प्रत जपून ठेवा. त्यानंतर स्पर्धा संपेपर्यंत एकही अपडेट नको. आदल्या रात्री केलेलं अपडेट सकाळी कुठली लायब्ररी मोडून ठेवेल सांगता येत नाही.

इंटरनेट मिळेलच असं धरून चालू नका. काही स्पर्धांमध्ये बाहेरचं जग बंद असतं. सायबरशेफ हे डेटा एका रूपातून दुसऱ्या रूपात उलगडण्याचं, ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेने २०१६ मध्ये खुलं केलेलं साधन. ते उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय ब्राउझरमध्ये चालतं. गिड्रा हे तयार प्रोग्राम उलगडून आतलं काम बघण्याचं साधन अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने २०१९ मध्ये खुलं केलं. त्याला जावा लागतं, तेही आधीच बसवा. पासवर्डची रॉकयू यादी, म्हणजे २००९ च्या गळतीतून निघालेले सुमारे १ कोटी ४३ लाख पासवर्ड, सोबत ठेवा. आणि स्वतःच्या हाताने लिहिलेली टिपणवही ठेवा: कोणती आज्ञा, कोणत्या पर्यायासह, कशासाठी. दुसऱ्याने बनवलेल्या पन्नास पानी टिपणांत घाईच्या वेळी काही सापडत नाही.

नियम संघातल्या प्रत्येकाने वाचायचे, एकट्या कप्तानाने नाही. स्पर्धा जेपर्डी पद्धतीची आहे, म्हणजे सुटे प्रश्न सोडवून फ्लॅग (उत्तर म्हणून लपवलेला मजकूर) द्यायचे, की हल्ला-बचाव पद्धतीची, म्हणजे आपली यंत्रणा राखत दुसऱ्यांच्या यंत्रणेत शिरायचं, यावर सगळी तयारी ठरते. चुकीच्या फ्लॅगला गुण कापतात का, सूचना घेतली तर किती जातात, एआयची मदत चालते का, हे बघा. गुणफलकाच्या सर्व्हरला हात लावणं, सेवा ठप्प पाडणारा मारा करणं आणि दुसऱ्या संघाला फ्लॅग देणं या गोष्टींना जवळपास सगळीकडे बंदी असते. वर्दीतल्या माणसाच्या बाबतीत नियमभंगाची गोष्ट स्पर्धेपुरती राहत नाही, ती युनिटपर्यंत जाते.

आता तयारीचा मोठा भाग, ज्याला निम्म्याहून जास्त वेळ द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे: पुरावा वाचणं. बहुतेक जण सरावाचा वेळ हल्ल्याची साधनं गोळा करण्यात घालवतात. पण सेनादलांच्या स्पर्धांमध्ये बचावाच्या प्रश्नांना मोठं वजन असतं, आणि ज्याला लॉग (यंत्राने ठेवलेल्या नोंदी) आणि पॅकेट (नेटवर्कवरून जाणारे डेटाचे तुकडे) शांतपणे वाचता येतात त्याला हल्लाही लवकर कळतो.

एक नमुना घ्या. तुम्हाला पॅकेट कॅप्चरची, म्हणजे पकडून साठवलेल्या पॅकेटची, मोठी फाइल मिळते आणि प्रश्न एवढाच असतो: काय चोरीला गेलं? वायरशार्क (पॅकेट बघण्याचं साधन) उघडून पहिल्या पॅकेटपासून वाचत बसू नका. आधी आकडेवारी बघा: कोण कुणाशी बोलतंय, किती, कोणत्या प्रोटोकॉलने. एकच यंत्र एकाच डोमेनबद्दल हजारो डीएनएस चौकश्या (नावावरून पत्ता विचारणं) करत असेल आणि प्रत्येक नावाचा डावीकडचा तुकडा लांबलचक, अर्थहीन अक्षरांचा असेल, तर माल त्याच वाटेने गेला आहे. डीएनएस नावाचा एक तुकडा जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा असू शकतो, म्हणून फाइल अशी कापून पाठवतात. डीएनएसमध्ये इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरत नाहीत, त्यामुळे तिथे बेस६४ (डेटा साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत, यात लहान आणि मोठं अक्षर वेगळं धरतात) धोक्याचं ठरतं आणि बेस३२ जास्त सोयीचं पडतं. बेस३२ मध्ये अक्षरं आणि २ ते ७ हेच आकडे येतात. ०, १, ८ किंवा ९ दिसला तर दुसरं काही तरी आहे, बहुधा हेक्स (० ते ९ आणि ए ते एफ). उत्तरातही तेच नाव परत येतं, म्हणून फक्त चौकश्या गाळून घ्या, पुन्हा पाठवलेल्या काढून टाका, उरलेले तुकडे क्रमाने जोडा आणि उलगडा. पहिली दोन अक्षरं ‘पीके’ आली तर ती झिप फाइल. वर्डचं डॉक्सही आतून झिपच असतं, हे लक्षात ठेवा. नाही तर फ्लॅग कागदपत्रात असतो आणि माणूस झिपचा पासवर्ड शोधत बसतो. हे सगळं हाताने एकदा केलं की पुढच्या वेळी पायथनच्या दहा-बारा ओळींत होतं. पण आधी हातानेच करा.

विंडोजच्या लॉगमधले काही क्रमांक तोंडपाठ हवेत. ४६२५ म्हणजे फसलेलं लॉगिन, ४६२४ म्हणजे जमलेलं. त्यात प्रकार ३ असेल तर नेटवर्कवरून, १० असेल तर रिमोट डेस्कटॉपने. ४७२० म्हणजे नवं खातं, ७०४५ म्हणजे नवी सेवा बसवली, ११०२ म्हणजे सुरक्षा लॉग पुसला. एकामागून एक ४६२५, मग एक ४६२४, थोड्या वेळाने ४७२०, एवढ्यात हल्ल्याची निम्मी कहाणी येते. वेळेच्या बाबतीत फार सावध राहा: लॉगमध्ये वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठते, पण बघण्याचं साधन ती तुमच्या स्थानिक वेळेत दाखवतं. सगळ्या संघाने सगळं यूटीसीतच लिहायचं, हे पहिल्याच सराव बैठकीत ठरवा.

चालू संगणकाच्या मेमरीची काढलेली प्रत वाचायला व्होलॅटिलिटी हे साधन पुरेसं आहे. चालू प्रक्रिया, त्यांचे पालक आणि नेटवर्क जोडण्या, हे तीन प्रश्न आधी विचारा. वर्डच्या पोटी पॉवरशेल (विंडोजला आज्ञा देण्याचं साधन) जन्माला आलेलं दिसलं की धागा मिळाला. क्रिप्टोग्राफी (सांकेतिक लिखाण) आणि रिव्हर्स इंजिनिअरिंगमध्ये (तयार प्रोग्राम उलगडण्यात) ज्याला खरी गोडी आहे त्या एकानेच खोलात जावं. बाकीच्यांनी एक्सॉर (बिट जुळवून लपवण्याची साधी क्रिया), बेस६४ आणि आरएसए या सार्वजनिक-खासगी किल्ल्यांच्या पद्धतीची मूळ कल्पना एवढ्यावर थांबलं तरी चालेल.

औद्योगिक नियंत्रणाचे प्रश्न मात्र टाळू नका. तळ, जहाजं, विमानतळ हे सगळं वीज-पाण्यावर चालतं, म्हणून असे प्रश्न येतात. मॉडबस हा औद्योगिक यंत्रं एकमेकांशी बोलतात तो १९७९ सालचा प्रोटोकॉल. टीसीपीवर तो ५०२ पोर्ट वापरतो आणि मूळ रचनेत आज्ञा देणाऱ्याची ओळख तपासण्याची सोयच नाही. त्यातल्या आज्ञांपैकी ३ हा क्रमांक रजिस्टर (यंत्रातली मूल्यं ठेवण्याची जागा) वाचण्याचा, ५ आणि ६ लिहिण्याचे. वाचण्याच्या रांगेत मधेच एखादं लिहिणं दिसलं तर तिथे थांबा. डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनमधल्या सुमारे २ लाख २५ हजार ग्राहकांची वीज गेली, तेव्हा हल्लेखोरांनी वीज कंपन्यांच्या नियंत्रण यंत्रणेत दूरवरून शिरून ब्रेकर उघडले, म्हणजे वीजप्रवाह तोडला होता. आज्ञा खरी होती, देणारा खोटा होता.

सरावासाठी ओव्हरदवायर या संकेतस्थळावरचं बँडिट आणि कार्नेगी मेलन विद्यापीठाचं पिकोसीटीएफ पुरेसं आहे, आणि दोन्ही मोफत आहेत. सोडवलेल्या प्रत्येक प्रश्नाचा अर्ध्या पानाचा अहवाल लिहा: काय दिसलं, काय ठरवलं, का. नाटोच्या टॅलिन इथल्या सायबर केंद्राच्या ‘लॉक्ड शील्ड्स’ या २०१० पासून चाललेल्या सरावात यंत्रणा वाचवण्याबरोबरच अहवाल, कायदेशीर बाजू आणि माध्यमांना दिलेली उत्तरंही तपासली जातात. नीट लिहिणारा माणूस संघात असणं ही फार मोठी गोष्ट आहे.

कामाची वाटणी हुद्द्यावरून करू नका. पॅकेट वाचण्यात शिपाई सरस असेल तर त्या प्रश्नावर त्याचा शब्द अखेरचा, आणि अधिकाऱ्याने हे सुरुवातीलाच सगळ्यांसमोर सांगावं. एक सामाईक फलक ठेवा: कोण कोणत्या प्रश्नावर, काय करून पाहिलं. पाऊण तासात हालचाल नसेल तर प्रश्न दुसऱ्याच्या हातात द्या. झोपेच्या पाळ्या आधी ठरवा आणि पाळा.

संघाचं नाव, टोपणनावं आणि स्क्रीनशॉट यांतून युनिट, ठिकाण किंवा नेमणूक कळता कामा नये. कामावरचा पासवर्ड, त्याच्यासारखा दिसणारा पासवर्डसुद्धा, स्पर्धेच्या खात्याला नको.

स्पर्धा संपली की सर्व्हर बंद होण्याआधी प्रश्नांच्या फाइली नियमात बसत असतील तर उतरवून घ्या आणि व्हर्च्युअल मशीन स्नॅपशॉटवर परत न्या. उत्तरं जाहीर करायची तर आधी परवानगी घ्या. मग युनिटच्या नेटवर्क विभागात समोरासमोर बसून एक गोष्ट विचारा. स्पर्धेत ४६८८ या नोंदीतून कोणती प्रक्रिया कोणत्या आज्ञेने सुरू झाली ते तुम्ही वाचलं असेल. विंडोजमध्ये त्या आज्ञेची पूर्ण ओळ आपोआप नोंदली जात नाही, ते मुद्दाम सुरू करावं लागतं. आपल्याकडे ते सुरू आहे का?