माडावरचा नि बांधातला: गुणसूत्रांचे पट्टे ताडण्याआधी

भातकापणी उरकली की खाचरांच्या बांधातली बिळं उघडी पडतात. दोन जातींच्या उंदरांच्या गुणसूत्रांचे पट्टे, म्हणजे रंगवल्यावर दिसणारे गडद-फिके भाग, ताडायचे असतील तर सापळे तेव्हाच लावायचे. त्याआधी प्राणी-नीती समितीची मंजुरी हातात हवी. गमबूट, हातमोजे विसरू नका, कोकणात लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस) आहे. आमिषाला सुकट बरी, माडावरच्या उंदराला खोबऱ्याची कसली नवलाई!

जोडी आधीच ठरवा. माडावरचा काळा उंदीर, म्हणजे रॅटस रॅटस, आणि बांधातला बँडिकोटा बेंगालेन्सिस ही जोडी चांगली. दोघांचे नर-माद्या दोन्ही घ्या, नाहीतर एक्स-वाय ओळखताना अडाल. बँडिकोटाची गुणसूत्रं 42, आपल्याकडच्या काळ्या उंदराची बहुधा 38. काळ्या उंदराच्या आशियाई प्रकारात मात्र 42 असतात. त्यातली 4 व 7, तशीच 11 व 12 क्रमांकाची गुणसूत्रं एकमेकांना चिकटून 38 झाली. म्हणून या मोठ्या गुणसूत्रांची एकेक भुजा (जोडाच्या एका बाजूचा भाग) सुटी धरूनच बँडिकोटाशी ताडायची.

हाडातली मज्जा काढण्याआधी तास-दीड तास उंदराला कोल्चिसिन द्यायचं, त्याने पेशींचं विभाजन गुणसूत्रं ठळक असतानाच थांबतं. मग मज्जेतल्या पेशी फुगवायला 0.56 टक्के पोटॅशियम क्लोराइड 37 अंशांवर वीसेक मिनिटं. पेशी टिकवायला मिथेनॉल आणि ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड 3:1, दर वेळी ताजं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत स्लाइड सावकाश वाळते, गुणसूत्रं वाजवीपेक्षा जास्त पांगतात आणि मोजणी चुकते. हॉटप्लेट हाताशी ठेवा, स्लाइडच्या डब्यात सिलिका जेल टाका. लाइटचा भरवसा नाही, तेव्हा ट्रिप्सिनसाठी (गुणसूत्रांतली प्रथिनं थोडी पचवून पट्टे उमटवणारं विकर) बर्फाचा डबाही हवाच.

सगळ्यात जपायचं ते ट्रिप्सिन. दोन्ही जातींच्या स्लाइड सारख्याच दिवसांच्या जुन्या, द्रावण एकच, बुडवायच्याही एकाच जारमध्ये. आधी जादा स्लाइडवर सेकंद बदलून पाहा. वेळ कमी पडला तर गुणसूत्र सलग गडद दिसतं. जास्त झाला तर फुगतं, कडा विस्कटतात, मधले बारीक पट्टे एकमेकांत मिसळतात. एक जात आज आणि दुसरी पुढच्या आठवड्यात केलीत, तर दिसलेला फरक जातीचा की ट्रिप्सिनचा, हे कोणालाच सांगता येणार नाही.

सी-पट्ट्यांसाठी, म्हणजे फक्त हेटेरोक्रोमॅटिन (गुणसूत्राचा घट्ट गुंडाळलेला भाग) दाखवणाऱ्या पट्ट्यांसाठी, वेगळ्या स्लाइड राखा. बेरियम हायड्रॉक्साइड वापरायच्या वेळीच गाळा. सी-पट्टे टाळू नका. मस बूडुगा आणि मस टेरिकलर या शेतातल्या चिमुकल्या उंदरांची गुणसूत्रसंख्या सारखीच, 40. टेरिकलरच्या काही गुणसूत्रांवरच्या हेटेरोक्रोमॅटिनच्या आखूड भुजा सी-पट्ट्यांतच नीट कळतात.

कातडी-कवटी जपून ठेवा, तिच्या चिठ्ठीवर स्लाइडचाच क्रमांक, पेन्सिलीने. शाई मिथेनॉलात उतरते.