शाळकरी मुलांचा रक्तदाब मोजताना या चुका टाळा

शाळा तपासण्या सुरू झाल्या की सांगली जिल्ह्यातील गावोगावची मुले रक्तदाबाच्या चिठ्ठ्या घेऊन दवाखान्यात येऊ लागतात. त्यांतील बऱ्याच जणांना काहीही झालेले नसते. चुकलेली असते ती मोजणी.

सर्वांत महागात पडणारी चूक कफच्या, म्हणजे दंडाला गुंडाळून हवा भरायच्या पट्टीच्या, मापाची आहे. खोक्यावर ‘बालक’ असे छापलेले आहे आणि समोर शाळेतले मूल आहे, एवढ्यावर बहुतेकांचे समाधान होते. वास्तविक कफ वयावरून ठरत नाही, दंडाच्या घेरावरून ठरतो. खांद्याच्या हाडाचे टोक आणि कोपराचे टोक यांच्या मधोमध घेर मोजावा. कफच्या आतील रबरी पिशवीची रुंदी त्या घेराच्या किमान ४० टक्के आणि लांबी ८० ते १०० टक्के असावी. पिशवी अपुरी पडली की आकडा खोटा चढतो, फार मोठी झाली की उतरतो.

तासगाव तालुक्यातील एका शाळेत सातवीच्या, अंगाने भरलेल्या मुलाच्या दंडाला असाच ‘बालक’ कफ कसाबसा गुंडाळला गेला. पट्टी सुटू नये म्हणून ती एकाने हाताने दाबून धरली होती, हे मुलानेच नंतर सांगितले. वरचा आकडा १४२ आला आणि चिठ्ठीवर लाल शाईची खूण झाली. आजीने घरातल्या सगळ्यांनाच अळणी जेवायला लावले, मुलाची कबड्डी बंद झाली, आणि ऐन द्राक्षछाटणीत बाग सोडून वडील त्याला मिरजेला नेऊन रक्त, लघवी आणि सोनोग्राफी करून आले. माझ्यासमोर त्याच्या दंडाचा घेर २८ सेंटिमीटर भरला, म्हणजे त्याला मोठ्या माणसांचाच कफ हवा होता. तो लावून, शांत बसवून मोजले तेव्हा ११०/६८ आले आणि पुढच्या भेटींतही आकडा त्याच्याच आसपास राहिला.

माझ्या बॅगेत स्टेथोस्कोपशेजारी शिंप्याची टेप असते आणि वेगवेगळ्या मापांचे कफ घेतल्याशिवाय मी शाळेत जात नाही. एकाच कफात सगळी शाळा उरकू पाहणाऱ्यांनी त्या दिवशी वजन-उंची घेऊन परतावे, ते अधिक उपयोगाचे होईल.

दुसरी चूक घाईची. मैदानावरून खो-खो खेळून आलेले, धापा टाकणारे मूल थेट मुख्याध्यापकांच्या खोलीतील उंच खुर्चीवर बसवतात. पाय लोंबकळत असतात, पाठीला आधार नसतो आणि दारात रांगेतली मुले ‘आता सुई टोचणार’ म्हणून त्याला चिडवत असतात. मूल तीन ते पाच मिनिटे पाठ टेकवून, पाय टेकवून, न बोलता बसलेले असावे आणि दंड हृदयाच्या पातळीवर असावा. मी पुढची चार मुले आधीच बाकावर बसवून ठेवतो, पाय पोहोचत नसतील तर खाली पाट सरकवतो आणि लघवीला जाऊन यायला सांगतो. यात वेळ मोडतो, अशी तक्रार नवशिके हमखास करतात. चुकीच्या चिठ्ठीपायी घरच्यांचा किती वेळ मोडतो, ते त्यांच्या हिशेबात नसते.

बाकीच्या चुका थोडक्यात. हात उजवाच घ्यावा, कारण मुलांच्या रक्तदाबाचे तक्ते उजव्या हाताचे आहेत आणि महाधमनी जन्मतः अरुंद असलेल्या मुलांत डावा हात फसवा कमी आकडा देऊ शकतो. गणवेशाची बाही दंडावर गुंडाळून तिचा पीळ करू नये. कफमधली हवा सेकंदाला पाऱ्याच्या २ ते ३ मिलिमीटर याच गतीने सोडावी. स्टेथोस्कोप कफखाली खुपसू नये. डिजिटल यंत्राने जास्त दाखवले, तर कानाने ऐकून खात्री केल्यावाचून चिठ्ठी देऊ नये.

आणि १२०/८० ही फूटपट्टी तेरा वर्षांखालील मुलांना लावू नये. तिथे वय, लिंग आणि उंची पाहून तक्ता वाचावा लागतो. अमेरिकन अकादमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या २०१७ च्या चाळणी तक्त्यात सहा वर्षांच्या मुलासाठी १०५/६६ हीच अधिक तपासणीची पायरी आहे. त्यामुळे पहिलीतल्या मुलाचे ११६/७६ ‘नॉर्मल’ म्हणून सोडून देणे हीदेखील चूकच, आणि तिची चिठ्ठी कोणी लिहीत नाही. मात्र एका दिवसाच्या आकड्यावर निदानही करू नये. त्यासाठी तीन वेगवेगळ्या भेटींत आकडा जास्त भरावा लागतो. मी चिठ्ठीवर आकड्याशेजारी हात, दंडाचा घेर आणि कफचे माप लिहितो, म्हणजे पुढच्या भेटीत मोजणाऱ्याला तुलना करता येते.