बाहेरगावची मॅच? परतीचं तिकीट जपून काढा

फुटबॉल लीगचं वेळापत्रक हातात पडलं की लगेच प्रवासाचं बुकिंग करायचा मोह होतो. जरा थांबा. टीव्ही प्रक्षेपणासाठी सामन्याचा दिवस किंवा वेळ पुढेमागे होऊ शकते, म्हणून रद्द करता येणारंच तिकीट काढा. परतीचा हिशेब ९० मिनिटांवर करू नका. १५ मिनिटांचं मध्यंतर आणि भरपाईची वेळ धरली की दोन तास जातातच. वर, यजमानांची गर्दी पांगेपर्यंत पाहुण्या समर्थकांना कधीकधी स्टँडमध्येच थांबवून ठेवतात. तेव्हा शेवटच्या गाडीच्या भरवशावर मुळीच राहू नका.

मॅचचं तिकीट आपल्या क्लबकडून, पाहुण्यांच्या स्टँडचंच घ्या. यजमानांच्या घोळक्यात बसून आपल्या गोलवर गप्प राहणं कुणाला जमलंय? जर्सीवर जाकीट मात्र असू द्या, निदान स्टेडियमच्या दारापर्यंत.