अंड्यावर आलेली कोंबडी अडली, तर काय करायचं?

महाशिवरात्रीनंतर ऊन चढू लागतं आणि दिवस मोठा होत जातो तशा परसातल्या कोंबड्या जोरात अंड्यावर येतात. गणपती-नवरात्राच्या सुमाराला आणलेली गिरिराज, वनराज, कडकनाथची पिल्लं आता पाच-सहा महिन्यांच्या तलंगा (अंड्यावर येऊ लागलेल्या तरुण कोंबड्या) झालेल्या असतात आणि त्यांचं पहिलंच अंडं असतं. एकीकडं अंडी वाढतात, दुसरीकडं उन्हामुळं खाणं घटतं. अंडं पोटात अडकायला एवढं पुरतं.

घात होतो तो ओळखण्यात. कोंबडी सारखी खुराड्यात जाऊन बसते, अंडं काही दिसत नाही, मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "खुडूक झाली, बसू दे." अडलेल्या कोंबडीला तेवढा वेळ नसतो.

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी पिसं फुगवून घट्ट बसते, हात नेला की खेकसते, टोच मारते आणि दिवसातून एकदा उठून खाऊन-पिऊन परत जागेवर येते. अडलेली कोंबडी एका जागी टिकत नाही. आत जाते, बाहेर येते, शेपूट खाली टाकून छाती वर करून ताठ उभी राहते आणि मधूनमधून कुंथते. तुरा फिका पडतो, डोळे अर्धे मिटतात, शेपटीखालची पिसं ओली किंवा बरबटलेली दिसतात. अंड्याचा दाब नसांवर आला तर पाय ओढत चालते. उचललं तरी विरोध करत नाही, ही खूण वाईट.

तिला काखेत धरा आणि दोन पायांच्या मागं, गुदद्वाराच्या खाली तळहात हलका टेकवा. कडक, गोल गाठ लागली तर अंडं तिथं आहे. मऊ कवचाचं अंडं मात्र हाताला लागत नाही, तेव्हा लक्षणांवरच जावं लागतं.

टबात कोमट पाणी घ्या, तान्ह्या बाळाच्या अंघोळीला घेतो तेवढंच गरम. पोट बुडेल इतक्या पाण्यात तिला पंधरा-वीस मिनिटं धरून बसवा. पहिली दोन मिनिटं फडफडते, मग पाण्याची ऊब लागली की मान टाकून शांत होते. नंतर फडक्यानं नीट कोरडी करा, गुदद्वाराला खोबरेल तेल लावा आणि अंधाऱ्या, शांत जागी डालग्याखाली ठेवा. रात्री गारवा असेल तर खाली पोतं घाला. पण भर दुपारी पत्र्याच्या खुराड्यात "ऊब मिळावी" म्हणून कोंडू नका. हिवाळ्यातला हा उपाय मार्चमध्ये उलटा पडतो, ती उष्माघातानंच जाईल. तास-दोन तासांत अंडं आलं नाही तर कोमट पाण्याचा शेक पुन्हा द्या.

पाजण्याचं कॅल्शियम पशुवैद्यकाला प्रमाण विचारून द्या, तेही चोचीच्या कडेनं थेंब-थेंब. घशात ओतलं तर श्वासनलिकेत जातं.

पोट दाबून किंवा बोट घालून अंडं ओढू नका. कवच आत फुटलं तर धारदार तुकड्यांनी अंडनलिका चिरते आणि पोटात जंतुसंसर्ग होतो. कळा आणणारं इंजेक्शन दुकानातून आणून टोचणं तर त्याहून धोक्याचं, कारण अंडं मोठं किंवा आडवं असेल तर नलिका फाटू शकते. सकाळी सुरू झालेला त्रास संध्याकाळपर्यंत सुटला नाही तर दवाखाना गाठा किंवा १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा.

कधी अंड्याबरोबर लालसर अंग बाहेर येतं. अशी कोंबडी क्षणभरही कळपात ठेवू नका. लाल दिसलं की बाकीच्या टोचून टोचून जीव घेतात. कोमट मिठाच्या पाण्यानं अंग धुवा, ओलं ठेवा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा.

आता मूळ कारणाकडं. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं आणि कवच चढायला वीसेक तास लागतात, त्यातला बराचसा वेळ रात्रीचा. कॅल्शियम कमी पडलं की कवच तर पातळ होतंच, अंडं बाहेर ढकलणारे स्नायूही ढिले पडतात. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम लागतं. भाकरीचे तुकडे, कणी आणि मका यांत ते जवळजवळ नसतंच, उलट चरबी वाढते, आणि लठ्ठ कोंबडी जास्त अडते. त्यातच उन्हानं धाप लागली की रक्तातलं संतुलन बिघडून कवच आणखी पातळ होतं.

म्हणून शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा. संध्याकाळी भांडं भरलेलं असावं. कोंबडी गरजेपुरतं स्वतः उचलते. तो पिल्लांच्या खाद्यात मिसळू नका, त्यांच्या मूत्रपिंडावर ताण येतो. माझ्या मते महागड्या टॉनिकच्या बाटलीपेक्षा हे भांडं आणि सकाळचं कोवळं ऊन जास्त कामाचं. पाणी सावलीत, गार आणि दिवसातून दोन-तीनदा बदललेलं हवं. लवकर अंडी मिळावीत म्हणून तलंगांच्या खुराड्यात रात्री बल्ब जाळू नका. अंगानं भरण्याआधीच अंड्यावर आलेली तलंग हमखास अडचणीत येते.

एकाच कोंबडीला पुन्हा पुन्हा त्रास होत असेल तर तिची अंडी उबवणीला ठेवू नका. बऱ्याच कोंबड्या एकदम मऊ कवचाची, वेडीवाकडी अंडी देऊ लागल्या किंवा त्यांत मरतुक दिसली, तर तो अंडं अडकण्याचा मामला नाही. रोगाची शंका धरून दवाखान्यात कळवा. उपचारात प्रतिजैविक दिलं असेल, तर डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या कोंबडीची अंडी खाऊही नका, विकूही नका.