छोट्या शहराचा विकास : एमआयडीसीची वाट बघताना होणाऱ्या चुका

नगरपालिकेची निवडणूक आली की पहिलं आश्वासन ठरलेलं असतं : एमआयडीसी आणू. आधीच असेल, तर तिचा विस्तार करू. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात, म्हणजे विटा, तासगाव, आटपाडी, कवठेमहांकाळ या पट्ट्यात, हे वाक्य आमच्या वडिलांनी ऐकलं आणि आता आम्ही ऐकतोय. गाडी कुठं अडते, ते खाली लिहितो. उदाहरणं याच भागातली आहेत, पण तुमचं गाव चाळीस-पन्नास हजार वस्तीचं असेल तर दुखणी फार वेगळी नसतील.

चूक : आधी प्लॉट, मग धंदा

विट्यापासून फार लांब नसलेली किर्लोस्करवाडी आठवा. बेळगावातला कारखाना हलवायची वेळ आली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनजवळ निवडुंगानं भरलेला माळ दिला. साल १९१०. त्यातून गावोगावच्या पुढाऱ्यांनी 'माळ द्या, कारखाना येतो' एवढाच धडा घेतला. खरं तर माळ मिळाला तेव्हा लक्ष्मणरावांच्या हातात विकायला नांगर तयार होता. तो त्यांनी १९०३ मध्येच बनवला होता आणि 'लोखंडानं जमीन विषारी होते' म्हणणाऱ्या शेतकऱ्यांना पटवण्यात वर्षं घालवली होती. गिऱ्हाईक शेजारच्या शिवारात होतं, माल पाठवायला रेल्वे दारात होती. जागेचा नंबर या सगळ्यानंतर लागला.

त्यामुळे आराखडा करायला बसाल तेव्हा बाहेरून कोण येईल याची यादी नंतर करा. आधी गावात चालू असलेल्या आणि जागा, थ्री-फेज वीज किंवा पाण्यावाचून अडलेल्या वीस धंद्यांची यादी करा : फॅब्रिकेशनवाला, ट्रॅक्टरची अवजारं बनवणारा, बेकरी, बेदाण्याची प्रतवारी करणारी. औद्योगिक वसाहतीतले प्लॉट गुंतवणूक म्हणून घेऊन कुंपण घालून ठेवलेले असतात, आणि हा फॅब्रिकेशनवाला मात्र रस्त्यावर वेल्डिंग करत असतो. वसाहत भरत नाही याचं कारण बऱ्याचदा इतकंच असतं.

चूक : गलाईचा पैसा प्लॉटिंगमध्ये मुरवणं

खानापूर-आटपाडीच्या दुष्काळानं माणसं बाहेर काढली. ती सोनं-चांदी गाळायला देशभर पसरली. कुठल्याही राज्यातल्या सराफ कट्ट्यावर जा, आपल्याकडचा गलाईवाला भेटतो. हा पैसा गावाकडं येतो. बंगला होतो, देवळाचा जीर्णोद्धार होतो, उरलेल्या पैशात एनए प्लॉट घेतले जातात. भावनेला नावं ठेवायची नाहीत. पण परिणाम बघा : गावालगतच्या जमिनीचा भाव असा चढतो, की यंत्रमाग वाढवू पाहणाऱ्याला शेड परवडत नाही. म्हणजे बाहेर कमावलेला पैसा गावातल्याच धंद्याच्या मुळावर येतो.

यावर 'गावात गुंतवणूक करा' असं आवाहन करून काही होत नाही, मेळावे भरपूर झाले. बाहेर असलेल्या माणसाची अडचण पैशाची नसते, गावात रोज लक्ष घालणारा माणूस नसतो ही असते. शीतगृह असो की पॅकिंग शेड, चालवणारा भागीदार आणि दर महिन्याला बघता येणारा हिशेब आधी ठरवा, भांडवलाचा विषय मग काढा.

यंत्रमागाचीही गत अशीच. माग किती, हे अभिमानानं सांगितलं जातं. त्यातले खर्चीवर किती, हे कुणी विचारत नाही. सूत दुसऱ्याचं, कापड दुसऱ्याचं, आपली फक्त मजुरी. असे माग दुप्पट झाले तरी गावाच्या हातात मजुरीच राहते. कोऱ्या कापडावर प्रक्रिया करायची तर सांडपाण्याची सोय लागते, आणि ती एकट्या मागवाल्याच्या आवाक्यात नसते. नगरपालिकेनं लक्ष घालायचं ते तिथं.

चूक : गाळे बांधले की बाजार भरतो

व्यापारी संकुल बांधलंय, तळमजला गेला, पहिला मजला वर्षानुवर्षं रिकामा. ओळखीचं चित्र आहे ना? आठवडी बाजाराला आलेली बाई हातात पिशव्या घेऊन जिना चढत नाही. शिवाय लिलावात अनामत एवढी चढते, की ज्याला गाळा हवा तो बाहेर राहतो आणि ज्याला पोटभाड्यानं द्यायचाय तो आत येतो. त्याच खर्चात बाजारतळावर ओटे, दिवे, पाणी आणि बायकांसाठी स्वच्छतागृह झालं, तर आजूबाजूच्या तीस खेड्यांतलं गिऱ्हाईक टिकतं. २०१४ च्या कायद्यानुसार पथविक्रेता समिती नेमावी लागते. ती कागदावरच असेल, तर अतिक्रमण हटाव मोहीम दर दिवाळीला नव्यानं करावी लागणार.

चूक : आरक्षणाच्या तारखा न सांभाळणं

यावर भाषणं होत नाहीत, पण नुकसान सगळ्यात जास्त इथं होतं. विकास आराखड्यात भाजी मंडई, ट्रक टर्मिनस, मैदान अशी आरक्षणं पडतात, म्हणजे सार्वजनिक कामासाठी कुणाची तरी जमीन राखून ठेवली जाते. १९६६ च्या नगररचना कायद्याचं कलम १२७ सांगतं : आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द. नोटीस आवक-जावकमध्ये पडून राहते, कारकुनाची बदली होते, मुख्याधिकारी बदलतात, मुदत निघून जाते. मंडईच्या जागेवर मग रो-हाऊस उभी राहतात आणि मंडई राज्यमार्गावरच भरत राहते.

पालिकेकडं पैसे नसतात, हे खरं. जकात १९९९ मध्ये गेली, घरपट्टीची चार वर्षांनी करायची फेरआकारणी निवडणुकीच्या भीतीनं लांबते. मोबदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडं जादा बांधकाम करायचा विकता येणारा हक्क, देता येतो, पण जिथं इमारत तीन मजल्यांच्या वर जात नाही तिथं तो विकत कोण घेणार? म्हणून छोट्या गावात समावेशक आरक्षण जास्त कामाचं : मालक स्वतः विकास करतो, ठरलेला भाग बांधून पालिकेला देतो, बाकीचा त्याचा. ही बोलणी नोटीस येण्याआधी करायची असतात, कारण एकदा नोटीस आली की मालकाच्या बाजूला वकील असतो आणि घड्याळ पालिकेच्या विरोधात चालतं.

आणि पुरस्कारांबद्दल थोडं. २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत विटा देशात पहिलं आलं. घंटागाडी वेळेवर येणं, कचरा वेगळा होणं ही साधी गोष्ट नाही, ज्यांनी केलं त्यांना मानलं पाहिजे. पण तीच पालिका एवढी शिस्त कचऱ्यात आणू शकते, तर आरक्षणांच्या नोंदवहीतही आणू शकते.

तुमच्या गावाची नोंदवही आहे का, ते बघायला नगरसेवकाची गरज नाही. माहिती अधिकाराचा अर्ज करा, कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि तीनच गोष्टी मागा : मंजूर आराखडा अमलात आल्याची तारीख, ताब्यात न आलेल्या आरक्षणांची यादी, आणि कलम १२७ खाली आलेल्या नोटिसांच्या प्रती. कॅलेंडर शेजारी ठेवून वाचा.