एकट्याचा स्वयंपाक: डाळ एकदा, फोडणी रोज

एकट्यापुरतं रांधताना बहुतेक वेळा माप चुकतं. चौघांची आमटी एकाची करायची तर डाळ, तिखट, मीठ पावपट करून भागतं. पाणी आणि तेल मात्र या हिशेबात बसत नाहीत. पसरट कढईत आमटी कमी असली म्हणून वाफ कमी उडत नाही. दहा मिनिटांत आमटीचं पिठलं होतं आणि मीठ वर येतं. फोडणीचंही तेच. मोठ्या कढईत चमचाभर तेल पसरून जातं, मोहरी तेलात बुडतच नाही, तडतडायच्या आधी करपते.

म्हणून भांडी लहान हवीत. 3 लिटरचा कुकर, त्यात एकावर एक बसणारे दोन डबे, लिटरभराचं उभट पातेलं, लोखंडी कढलं आणि तवा. नॉनस्टिकचा संच घ्यायची घाई नको.

आता डाळ. इथे वाटी म्हणजे 150 मिलीची. पाऊण वाटी तूरडाळ (साधारण 100 ग्रॅम) धुऊन अर्धा तास भिजवा. अडीच वाट्या पाणी, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग आणि तेलाचे चार थेंब घालून खालच्या डब्यात ठेवा. वरच्या डब्यात अर्धी वाटी तांदूळ, एक वाटी पाणी. कुकरच्या तळाशी दीड पेला पाणी. चार शिट्ट्या, मग वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टीच होत नसेल आणि कडेने वाफ जात असेल तर रिंग कडक झालेली असते, नवी घ्या.

ही डाळ तीन दिवस पुरते. घोटून घ्या, पण मीठ आणि फोडणी सगळ्या डाळीला घालू नका. त्या दिवसापुरती काढून बाकीची गार झाल्याबरोबर झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. फोडणी रोज ताजी पडली की तीच डाळ रोज वेगळी लागते.

पहिल्या दिवशी साधं वरण: मीठ, तूप, वर लिंबू. दुसऱ्या दिवशी आमटी. पाऊण वाटी डाळीला एक वाटी पाणी, चमचाभर चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ, अर्धा चमचा गोडा मसाला आणि पाव चमचा मीठ. चव बघून वाढवा. कढल्यात दोन चमचे तेल तापवा, पाव चमचा मोहरी टाका. ती तडतडली की गॅस बंद करा आणि मगच जिरं, हिंग, हळद, तिखट, कढीपत्ता घाला. कढलं लहान आणि जड असतं, त्याची धग पुरते. गॅस चालू ठेवला तर तिखट काळं पडतं आणि आमटी कडवट होते. तिसऱ्या दिवशी वरणफळं, म्हणजेच चकोल्या. कालची उरलेली कणीक लाटून शंकरपाळ्यांसारखी कापा आणि उकळत्या, नेहमीपेक्षा पातळ आमटीत एकेक सोडा. पाणी उकळायच्या आधी टाकली तर सगळा गोळा होतो. यात पोळी वेगळी करावी लागत नाही. एकट्याला याहून सोयीचं जेवण नाही.

भात मात्र तीन दिवसांचा करू नका. उरलाच तर तासाभरात फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात. ओट्यावर रात्रभर राहिलेल्या भातात बॅसिलस सिरिअस हे जिवाणू वाढतात. त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

भाजी पाव किलोच घ्या, म्हणजे दोन वेळा होते. मेथीची जुडी एकट्याला मोठीच पडते: निवडा, धुऊ नका, कागदात गुंडाळून ठेवा. निम्म्याची भाजी करा, उरलेली डाळीत घाला. ओली पानं दोन दिवसांत चिकट होतात. सोबत एका काकडीची कोशिंबीर, दोन चमचे दाण्याचं कूट. मीठ ताटात वाढतानाच घाला, नाहीतर पाणी सुटतं.

भाकरीसाठी एक वाटी ज्वारीचं पीठ, दोन भाकऱ्या होतात. थापताना कडा फाटत असतील तर हाताला दोष देऊ नका, पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते. अशा पिठाची उकड काढा: पाऊण वाटी पाणी उकळा, पीठ घालून झाकण ठेवा, पाच मिनिटांनी गरम असतानाच मळा. गिरणीवाले किलोच्या खाली दळायला कुरकुरतात. तेव्हा किलोभर दळून निम्मं शेजारी द्या आणि आपलं निम्मं फ्रीजमध्ये ठेवा.